दोन बावन्नची शांतता

१

चौदा नोव्हेंबरच्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी, कुनुगिदाई गावातला एक आवाज बंद पडला. तीन वर्षं तो अखंड चालू होता, त्यामुळे तो आहे हेच लोक विसरले होते. गावाबाहेरच्या संगणन केंद्रात हजारो यंत्रं माणसासारखं लिहायला-बोलायला शिकत होती आणि त्यांना थंड ठेवणाऱ्या पंख्यांची ती घरघर होती. दुसऱ्या दालनाचे पंखे थांबले तेव्हा कुंपणालगतच्या मुळ्याच्या शेतात काम करणाऱ्यांनी माना वर केल्या. काय झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आज कावळे फार जवळ ओरडत आहेत, एवढंच त्यांना वाटलं.

दालनाची सव्वीस मेगावॉट वीज कुणीतरी हाताने तोडली होती. मुख्य खटक्याचं सील फोडून दांडा खाली ओढलेला होता. सोळा दिवस चाललेलं यंत्रांचं शिक्षण अर्ध्यावर थांबलं. गावाने केंद्राला जादा वीजवाहिनी द्यायची की नाही, हा निर्णय पुढच्याच आठवड्यावर आलेला असताना हे घडलं, म्हणून गावाच्या वीज समितीने त्रयस्थ तपासासाठी इशिगे फुमिए यांना बोलावलं.

फुमिएबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. वीज कुठे तुटली आणि का तुटली, हे शोधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. माणसापेक्षा उपकरणावर त्यांचा विश्वास अधिक असे. मात्र उपकरणावर विश्वास ठेवण्याआधी त्या त्याची परीक्षा घेत, आणि हीच सवलत माणसांनाही देत.

खटक्याच्या खोलीत त्यांना एकच गोष्ट खटकली. गुन्हेगाराने दांड्यावरचं पिवळं झाकण परत नीट लावलं होतं. फुटलेल्या सीलचे तुकडेसुद्धा उचलून कोपऱ्यातल्या डब्यात टाकले होते.

घातपात करणारा माणूस जाताना केर काढत नाही.

२

"इशिगेबाई, खरं सांगू का, यात शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही," केंद्राचे व्यवस्थापक त्सुकुदा म्हणाले. ते चाळिशीचे, संगणकाच्या आज्ञा लिहिण्यातून वर आलेले गृहस्थ होते आणि बोलताना त्यांचे दोन्ही हात विजारीच्या खिशात असत. "आमचा तरुण अभियंता कुरोसे, त्याला त्या दिवशी सुट्टी होती. मागच्या फाटकाचा आणि खटक्याच्या खोलीचा गुप्त आकडा एकच, तो त्याला पाठ. आणि गेल्या महिन्यात गावसभेत तो काय बोलला, ते तुम्ही वाचलंच असेल."

"वाचलं. गावात घरं बत्तीस हजार, आणि हे एकटं केंद्र नव्वद हजार घरांइतकी वीज पितं. आकडेमोड बरोबर आहे त्याची."

"असेल हो बरोबर. पण ज्या ताटात जेवतो त्याच्याबद्दल असं चारचौघांत बोलायचं?"

"मागच्या फाटकाचा आकडा आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला आणि पाळीप्रमुख मोरिवाकींना. मी तेव्हा मुख्यालयाशी पडद्यावर बोलत होतो, सबंध बैठक रेकॉर्ड केलेली आहे. मोरिवाकी आवारात रोहित्राचं तापमान बघत होते."

"ते बघताना त्यांना कुणी पाहिलं?"

"मोरिवाकींना कोण बघत बसणार? छत्तीस वर्षं हेच करताहेत ते."

"आणि त्या तासाची भाराची नोंद?"

त्सुकुदांनी खिशातले हात आणखी खोल घातले. "दोन ते तीनची फाईल गेली. प्रणालीत बदल करताना पुसली गेली. योग म्हणायचा."

फुमिएबाईंनी वहीत 'योग' असा शब्द लिहिला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

गुरुवारी सकाळी दहाला समितीपुढे सुनावणी होती. तोवर दुसरं काही निघालं नाही तर कुरोसेची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर वीज अभियंत्याचा परवानाही. तेविसाव्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात मिळवलेला.

आवारात मोरिवाकी भेटले. एकोणसाठ वर्षांचे, मार्चमध्ये निवृत्त होणारे, पांढऱ्या सुती हातमोज्यांतले. ते रोहित्रापुढे ताठ उभे राहिले, तबकडीकडे बोट रोखलं आणि मोठ्याने म्हणाले, "तेल, एकसष्ट अंश, ठीक." या धंद्यात पाहायचं ते बोट दाखवून आणि बोलून पाहायचं असतं. डोळा चुकला तर तोंड पकडतं.

"याच रोहित्रावर आणखी काय चालतं?" फुमिएबाईंनी विचारलं.

"गावाचा उत्तर भाग. टेकडीवरचा वृद्धाश्रमही यावरच."

त्यांनी वाकून तबकडी पाहिली. तिच्यात दोन काटे होते. काळा काटा आत्ताचं तापमान दाखवत होता, एकसष्ट. लाल काट्याला काळा काटा वर ढकलत नेतो आणि काळा खाली उतरला तरी लाल तिथेच राहतो. कुणीतरी हाताने खाली आणेपर्यंत. तो दर एक तारखेला खाली आणतात.

लाल काटा एकशे चारवर उभा होता.

मोरिवाकींनी त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि हातमोजे काढून पुन्हा घातले.

३

कुरोसेच्या वसाहतीत जिन्याच्या तळाशी बांधलेली खोकी रचून ठेवली होती. कुरोसे रॉकेलचा डबा घेऊन वर चढत होता.

"सामान बांधायला घेतलंस?" फुमिएबाई म्हणाल्या.

"खोली कंपनीची आहे. गुरुवारनंतर राहू देणार नाहीत. बहीण होक्काइदोला असते, तिच्याकडे जाईन." त्याने डबा खाली ठेवून हात बदलला. "हे रॉकेल वरच्या आजींचं. त्यांना फार विचारू नका, बाई. दोन दिवस धड जेवल्या नाहीत त्या."

"तुझ्याविरुद्ध साक्ष त्यांचीच आहे."

"म्हणूनच जेवल्या नाहीत."

त्याचं म्हणणं सरळ होतं. शुक्रवारी जेवण झाल्यावर तो वरच्या तोकुनागा आजींकडे फळी ठोकून द्यायला गेला आणि तीनच्या सुमारास निघाला. मनगटावर घड्याळ नव्हतं, फोन खाली चार्जिंगला होता. केंद्र सायकलने दहा मिनिटांवर होतं. तीनला निघाला असेल, तर दोन बावन्नला तो आजींच्याच खोलीत होता. आजी मात्र पोलिसी थाटाच्या एकाही प्रश्नाशिवाय सांगून मोकळ्या झाल्या होत्या, की तो अडीचला गेला.

तोकुनागा सेत्सु ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. पश्चिमेकडच्या साकाई शहरातून सहा महिन्यांपूर्वी लेकीच्या आग्रहाने इकडे आलेल्या. बोलण्यातला तिकडचा हेल तसाच होता. त्यांनी पाहुणीपुढे संत्री ठेवली, आपण मात्र एकही घेतलं नाही.

"खोटं बोलायला पाहिजे होतं म्या," त्या म्हणाल्या. "पण केंद्राकडनं विचारायला आलेला पोरगा इतका भला दिसत होता, तोंडातनं खरंच निघालं."

"अडीच हे नक्की कशावरून?"

"आमच्या ह्यांची पुण्यतिथी होती. तिसरी. ह्यांचं घड्याळ खोक्यातच पडलं होतं इकडं आल्यापासनं. म्हटलं आज तरी लावू. कुरोसेनं फळी ठोकली, फोटो ठेवला, घड्याळ ठेवलं. निघाला तेव्हा म्हटलं, थांब की, तीनला चहा ठेवते. न्हाई म्हणाला. घड्याळ बघितलं तर अडीच. अजून अर्धा तास होता, मग म्हटलं जा बाबा."

फळीवर पानं उलटत आकडे दाखवणारं जुनं विजेचं घड्याळ होतं. वायर गुंडाळून शेजारी ठेवलेली.

"आता का बंद?"

"त्याच संध्याकाळी काढलं. बारीक गुणगुणतं ते. साकाईत रोज उशाशी असायचं. एकटीला न्हाई ऐकवलं."

"लावताना वेळ कशी मिळवलीत?"

"बाराच्या धुनेवर. खांबावरच्या कर्ण्यातनं वाजते ती. बरोब्बर बारा लावले." आजींचा आवाज जरासा चढला. "पण तुमच्या गावाचं काही खरं न्हाई हां. संध्याकाळची धून साडेचारला असते ना, पोरांना घरी बोलवायची? त्या दिवशी पावणेचारलाच वाजवली. कोण बसतं तिथं कुणास ठाऊक. डुलकी लागली असंल मेल्याला."

फुमिएबाईंच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं होतं. त्यांनी ते तसंच बशीत ठेवलं.

"घड्याळ चुकलं असेल, असं नाही वाटलं?"

"ह्यांचं घड्याळ?" आजींना राग आला. "तीस वर्षं मिनिटाचा फरक न्हाई. गावाचं चुकलं."

४

गावाची धून नगरपालिकेचा संगणक वाजवतो. तो डुलकी घेत नाही. फुमिएबाईंनी तरीही आजींच्या खोलीतूनच तिथे फोन करून खात्री केली. शुक्रवारी धून साडेचारलाच वाजली होती.

त्यांनी वही उघडली. बारापासून साडेचारपर्यंत दोनशे सत्तर मिनिटं. घड्याळाने मोजली दोनशे पंचवीस. म्हणजे सहा भागांतले पाच. बिघडलेलं घड्याळ कसंही मागे पडतं. इतक्या नेमक्या प्रमाणात मागे पडणाऱ्या घड्याळाला मागे पडण्याचं नेमकं कारण असतं. आणि हे प्रमाण फुमिएबाईंच्या ओळखीचं होतं. देशाच्या पूर्वेकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते आणि पश्चिमेकडची साठ. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन बाजूंनी दोन वेगळ्या देशांतून जनित्रं मागवली, आणि ती तफावत आजवर कुणाला मिटवता आली नाही. हे जुनं घड्याळ विजेची आवर्तनं मोजूनच चालत होतं.

"आजी, जरा उलटं करून बघू?"

घड्याळाच्या पाठीवर नखाएवढी खुंटी होती. एका बाजूला पन्नास, दुसऱ्या बाजूला साठ. खुंटी साठवर होती.

तर्क एवढ्यावरच सोडणं फुमिएबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वायर लावली आणि मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. दोघीजणी चहा घेत बसल्या. घड्याळ बारीक गुणगुणत होतं. आजींनी मान खाली घातली होती, पण उठून गेल्या नाहीत. मनगटी घड्याळात बारा मिनिटं झाली तेव्हा फळीवरच्या घड्याळाने दहावं पान उलटलं.

"तुमच्या घड्याळात बारा ते अडीच म्हणजे खरे तीन तास," फुमिएबाई म्हणाल्या. "कुरोसे गेला तेव्हा तीन वाजले होते. दोन बावन्नला तो इथे फळीपाशी उभा होता."

आजींना ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पदरासारखा एप्रनचा कोपरा तोंडाला लावला.

"मग ह्यांचं घड्याळ बिघडलं म्हणायचं."

"बिघडलेलं नाही. आपण अजून साकाईतच आहोत, असं त्याला वाटतंय."

"मलाबी वाटतं तसं," आजी म्हणाल्या. "सकाळी उठल्या उठल्या."

"खुंटी पन्नासवर सरकवून देऊ?"

"नको बाई. ह्यांनी लावलेली आहे ती."

फुमिएबाईंनी घड्याळ होतं तसं फळीवर ठेवलं. कुरोसे सुटला होता. पण वीज तोडली कुणीतरी होतीच, आणि फाटकाचा आकडा ठाऊक असलेली आता दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक सबंध वेळ पडद्यावर दिसत होतं.

५

बुधवारी सकाळी त्यांनी केंद्रातल्या सफाईवाल्या नेमोतोबाईंना गाठलं. शुक्रवारी त्या वेळी त्या खटक्याच्या खोलीबाहेरची मार्गिका पुसत होत्या.

"तेव्हा काही वेगळं ऐकलंत?"

"छे हो. वेगळं काहीच नाही. केंद्राच्या चौकशीवाल्यांनाही तेच सांगितलं मी."

"बरं. मग नेहमीचं काय ऐकलंत?"

नेमोतोबाईंनी पोछा थांबवला. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "नेहमीचं म्हणजे, पंखे थांबले. मग दाराआडून, 'दुसरं दालन, बंद, ठीक.' मग लगेच, 'पहिलं दालन, चालू, ठीक. टेकडी वाहिनी, चालू, ठीक.'"

"कुणाचा आवाज?"

"पुरुषाचा. दाराआडून सगळे सारखेच वाटतात."

"हे सांगितलं नाहीत कुणाला?"

"आता हे काय सांगायचं? दिवसभर तेच चालू असतं इथे. उद्या विचाराल, श्वास कोण घेत होतं."

आवारात मोरिवाकी रोहित्रापाशी उभे होते. आज त्यांनी तबकडीकडे बोट दाखवलं नाही.

"मोरिवाकीसाहेब, मी बोलते, चुकलं तर थांबवा," फुमिएबाई म्हणाल्या. "वीज तोडणाऱ्याने झाकण परत लावलं, तुकडे उचलले आणि टेकडीची वाहिनी चालू आहे ना, हे बोलून तपासलं. तोडणाऱ्याला काय वाचवायचं होतं, ते त्यावरून दिसतं. त्सुकुदा आयुष्यात कधी कशाकडे बोट दाखवून बोललेले नाहीत. त्यांचे हात खिशातून निघत नाहीत. कुरोसे तीनपर्यंत तोकुनागा आजींकडे होता, हे मी सिद्ध करू शकते. उरलात तुम्ही. आणि कारण या लाल काट्यावर आहे. करार बेचाळीस मेगावॉटचा. एकशे चार अंश व्हायला किती ओढत होतात?"

"त्रेपन्न." मोरिवाकींनी थांबवलं नाही, उत्तर दिलं. "शिक्षण लवकर संपवायचं होतं, म्हणून दुसरीकडचं काम आमच्यावर टाकलं. मी त्सुकुदांना फोन केला. म्हणाले, अजून चाळीस मिनिटं काढा. रोहित्र चाळीस मिनिटं काढणार नव्हतं. ते आपणहून तुटलं असतं तर सगळंच गेलं असतं. वृद्धाश्रमात नऊ जण श्वासयंत्रावर आहेत. म्हणून मी एक दालन तोडलं."

"त्यात गुन्हा नाही."

"त्यात नाही." ते हातमोज्यांकडे पाहत होते. "दुसऱ्या दिवशी त्सुकुदा म्हणाले, उपकरणाचा दोष लिहू, तुम्हीही गप्प राहा, मीही राहतो. चार महिने उरलेत, मी मान हलवली. मग त्यांनी कुरोसेचं नाव घेतलं. वाटलं, आजींच्या साक्षीने सुटेल. ती साक्ष उलटी पडली, तेव्हा कबुलीचं पत्र लिहिलं. तीन दिवस खिशात आहे. लाल काटा तेवढा खाली आणायला हात धजला नाही."

"उद्या दहाला मी अहवाल वाचणार आहे," फुमिएबाई म्हणाल्या. "समिती पावणेदहाला बसते. पंधरा मिनिटं तुमची."

मोरिवाकी पुन्हा तबकडीकडे वळले. ते येतील की नाही, हे फुमिएबाईंना निघताना सांगता आलं नसतं.

६

ते आले, साडेनऊलाच. इस्त्रीचा कोट, हातमोजे नाहीत. पत्र त्यांनी वाचलं नाही, समितीपुढे ठेवलं आणि तोंडाने सांगितलं. आवाज एकदाच अडखळला, कुरोसेचं नाव घेताना. सेत्सु आजी ठेवणीतला किमोनो नेसून आल्या होत्या आणि आपली साक्ष आपणच दुरुस्त करायची म्हणून हटून बसल्या होत्या. त्यांनी घड्याळाची हकिकत अशी काही सांगितली, की अध्यक्षांना ती फुमिएबाईंकडून पुन्हा समजावून घ्यावी लागली.

त्सुकुदा म्हणाले, की फाईल मुख्यालयाच्या सांगण्यावरून पुसली. पण मुख्यालयाचं पत्र मागितल्यावर ते त्यांना दाखवता आलं नाही. जादा वाहिनीचा निर्णय समितीने वर्षभर पुढे ढकलला. केंद्राने बेचाळीसच्या वर जाऊ नये, यासाठी गावाचं स्वतःचं मापक बसवायचं ठरलं. यंत्रांनी शिकायचं ते त्यात शिकावं. कुरोसेवरचा ठपका पुसला गेला. मोरिवाकींच्या गप्प राहण्याची चौकशी वेगळी होणार होती.

उठाउठ झाली तेव्हा मोरिवाकी कुरोसेसमोर गेले आणि कमरेत वाकले. ते वाकलेलेच राहिले. खुर्च्या सरकवणारे लोक थांबले.

"साहेब, मान वर करा," कुरोसे म्हणाला. "तुम्ही तोडलंत ते बरोबर होतं का?"

"होतं."

"मग मी असतो तर मीही तोडलं असतं." त्याचे कान लाल झाले होते. "पण मी सांगितलं असतं."

तो वळला आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. मोरिवाकी सावकाश सरळ झाले. 

मागच्या रांगेत सेत्सु आजींनी फुमिएबाईंची बाही ओढली. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येई.

"काय म्हणाला पोरगा?"

फुमिएबाईंनी एक शब्द न बदलता सांगितलं.

"चिडलाय," आजी म्हणाल्या.

"हो. बराच."

आजींनी खिडकीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भूक दिसत होती.

"चिडू दे," त्या म्हणाल्या. "माझ्यावरबी चिडू दे जरा. गाव सोडून जायचं असतं ना बाई, तर हसून नमस्कार केला असता त्यानं."